ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची व्हॅक्यूम नळी: कुठून घ्यावी, कशी न्यावी, कशी तपासावी

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल गाडीवर नवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच टर्बोने दाबलेली हवा सोडून देणारी झडप) बसवताना बहुतेकांचे सारे लक्ष व्हॉल्व्हवर असते. कोणता घ्यावा, किती व्यासाचा घ्यावा, कोणत्या पाइपवर बसवावा याचा विचार आठवडाभर चालतो, आणि त्याच्या डोक्यावर लागणारी, करंगळीहून बारीक नळी मात्र शेवटच्या पाच मिनिटांत हाताला लागेल त्या निपलवर, म्हणजे नळी अडकवायच्या छोट्या तोंडावर, खोचली जाते. पुढे गाडी आयडलिंगला डळमळू लागली, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, पुरता येईनासा झाला किंवा पाय उचलताच फडफड ऐकू येऊ लागली, की दोष व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो. मला मात्र अशा तक्रारींचे मूळ व्हॉल्व्हपेक्षा नळीतच अधिक वेळा सापडले आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्या नळीबद्दल आहे. व्हॉल्व्हची निवड आणि पाइपचे वेल्डिंग हे विषय जरुरीपुरतेच येतील.

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीत अशी नळी असते का, हे पाहून घ्यावे. डिझेल इंजिनात वेग हवेने नव्हे तर इंधनाने आवरला जातो. त्यामुळे पाय उचलल्यावर हवेची वाट बंद होत नाही, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पोकळीत, व्हॅक्यूमही तयार होत नाही, आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरजच सहसा उरत नाही. काही डिझेल गाड्यांत थ्रॉटलसारखी, म्हणजे हवेची वाट उघडबंद करणारी, चकती दिसते, पण ती वेगळ्या कारणासाठी असते. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत हा व्हॉल्व्ह थेट टर्बोच्या अंगावर बसवलेला आणि विजेवर चालणारा असतो. त्याला वायर जाते, नळी जात नाही, आणि तो केव्हा उघडायचा हे इंजिनाचा संगणक ठरवतो. आपली गाडी या दोन्हींपैकी असेल तर पुढचे काम तिच्यासाठी नाही. ज्या गाडीच्या व्हॉल्व्हला रबरी नळी जाते, किंवा जिच्यावर नळीवर चालणारा व्हॉल्व्ह नव्याने बसवायचा आहे, तिच्यासाठी हे आहे.

नळी नेमके काय करते

टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबून, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे थ्रॉटल बॉडीपर्यंत पाठवतो, आणि थ्रॉटलच्या चकतीपलीकडे इनटेक मॅनिफोल्ड असतो. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना चकती उघडी असते आणि दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असतो. गिअर बदलण्यासाठी पाय उचलला की चकती मिटते. कॉम्प्रेसर मात्र मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतो आणि तो काही त्या क्षणी थांबत नाही. दाबलेल्या हवेला पुढे वाट नसल्याने ती उलट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते, पात्यांवरचा प्रवाह तुटतो, आणि तो थरथरणारा फडफड आवाज येतो. याला कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने याच क्षणी उघडून हवेला वाट द्यायची असते.

आता हा क्षण व्हॉल्व्हला कळतो कसा? व्हॉल्व्हच्या आत एक पिस्टन किंवा डायफ्रॅम असतो. त्याच्या खालच्या अंगाला चार्ज पाइपमधला, म्हणजे टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतच्या पाइपमधला, दाब लागतो. वरच्या अंगाला स्प्रिंग असते आणि आपल्या नळीतून आलेला मॅनिफोल्डचा दाब असतो. बूस्ट चालू असताना वर आणि खाली सारखाच दाब असल्याने ते एकमेकांना तोलतात आणि स्प्रिंग पिस्टनला बंद ठेवते. पाय उचलताच मॅनिफोल्डमध्ये दाबाऐवजी व्हॅक्यूम होतो. समजा पाइपमध्ये वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब आहे आणि मॅनिफोल्डमध्ये ०.६ बारचा व्हॅक्यूम झाला, तर पिस्टनच्या दोन अंगांमधला फरक १.६ बार होतो. स्प्रिंग हरते आणि झडप उघडते. आयडलिंगला खाली जवळजवळ वातावरणाचाच दाब असल्याने हाच फरक साधारण ०.६ ते ०.७ बार राहतो. चांगली जुळवलेली स्प्रिंग ०.७ ला झडप बंद ठेवते आणि १.६ ला सोडते.

हा हिशेब पुन्हा एकदा वाचून मनात पक्का करावा, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यातूनच निघते. नळी थ्रॉटलच्या अलीकडून, म्हणजे चार्ज पाइपमधून घेतली, तर पिस्टनच्या वर आणि खाली कायम सारखाच दाब राहील आणि झडप कधीच उघडणार नाही. नळी निघाली किंवा फाटली, तर वर वातावरणाचा दाब राहील आणि बूस्ट वाढताच झडप भलत्या वेळी उघडून हवा सोडू लागेल. नळी लांब, बारीक किंवा दुमडलेली असेल, तर बातमी उशिरा पोहोचेल, आणि तेवढ्या वेळात सर्ज होऊन गेलेला असेल.

जागा निवडणे

सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि त्यावर अर्धा तास घालवला तर तो वाया जात नाही. आपल्याला हवे आहे थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीत, म्हणजे जिथून सर्व सिलिंडरांना हवा वाटली जाते तिथे उघडणारे निपल. एखाद्या सिलिंडरकडे जाणाऱ्या एकाच शाखेवरचे निपल घेतले, तर त्या सिलिंडरच्या प्रत्येक शोषणाबरोबर दाब हलतो आणि व्हॉल्व्हला सतत हादरणारी बातमी मिळते. शक्य असेल तर पोकळीच्या वरच्या अंगावरचे निपल घ्यावे. तळाशी तेलाचा ओलावा साचतो आणि तो नळीत उतरतो.

इंजिनाभोवती निपले पुष्कळ असतात आणि नवख्या माणसाला ती सारखीच दिसतात. थ्रॉटल बॉडीवरच दोन जाड निपले असतील तर ती बऱ्याचदा कूलंटची असतात. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंट फिरवलेले असते. एक निपल क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या पोकळीतली, वाफ मॅनिफोल्डमध्ये आणणाऱ्या झडपेचे असते. एक इंधनाच्या टाकीतली वाफ जिरवणाऱ्या कॅनिस्टरकडून येते. आणखी एक थ्रॉटलच्या चकतीच्या अगदी कडेला उघडते: चकती मिटलेली असताना ते चकतीच्या अलीकडे राहते आणि चकती थोडी उघडताच पलीकडे जाते. हे शेवटचे निपल सर्वांत फसवे, कारण थोडी रेस केली की त्यावर व्हॅक्यूम दिसतो. पण पाय पूर्ण उचलल्यावर, म्हणजे नेमक्या आपल्या गरजेच्या क्षणी, तो नाहीसा होतो.

म्हणून निपल नजरेने ठरवू नये, गेजने ठरवावे. दोन्ही बाजू दाखवणारे, म्हणजे व्हॅक्यूम आणि बूस्ट दोन्ही मोजणारे साधे गेज तात्पुरत्या नळीने त्या निपलवर लावावे आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालू ठेवावे. समुद्रसपाटीच्या जवळ निरोगी पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण ६० ते ७० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबाने ४५० ते ५२५ मिलिमीटर, व्हॅक्यूम दाखवते. उंचीवर हा आकडा कमी होतो. दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन किलोपास्कल कमी धरावे. मग ॲक्सिलरेटरला झटका देऊन सोडावा. काटा आधी शून्याकडे धावला पाहिजे, आणि सोडताच आयडलिंगपेक्षाही खोल जाऊन परत आला पाहिजे. आयडलिंगला शून्य दाखवणारे निपल चालणार नाही. काटा थरथरत असेल तर ते एका शाखेवरचे असण्याची शक्यता आहे. आयडलिंगचा हा आकडा वहीत लिहून ठेवावा. स्प्रिंग निवडताना तो लागतो आणि पुढे काही बिघडले तर तुलनेलाही उपयोगी पडतो.

निपल मोकळे नसेल तर टी, म्हणजे नळीला फाटा फोडणारा जोड, लावण्याचा मोह होतो. इथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे: ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोराने ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या, नळीवर टी लावू नये. त्या नळीत एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते, जी बूस्टरमधला व्हॅक्यूम कोंडून ठेवते. तिच्या बूस्टरकडच्या बाजूला टी लावला तर व्हॉल्व्हपर्यंत व्हॅक्यूम पोहोचतो पण बूस्टचा दाब पोहोचत नाही, आणि बूस्टखाली झडप उघडी राहते. मॅनिफोल्डकडच्या बाजूला टी लावला तर व्हॉल्व्ह कदाचित चालेलही. पण मग आपण ब्रेकच्या वाटेत एक जास्तीचा जोड, दोन जास्तीच्या क्लिपा आणि गळतीची नवी जागा घातली. पेडल कडक होऊन गाडी न थांबण्याचा धोका कोणत्याही आवाजासाठी किंवा सोयीसाठी पत्करण्याजोगा नाही.

इंधनाच्या दाबाचा रेग्युलेटर, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आणि वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) बूस्ट कंट्रोलर यांच्या नळ्यांवरही टी नको. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा पिस्टन उघडताना आणि मिटताना आपल्या नळीतली हवा हलवतो, आणि ती हालचाल शेजारच्या नळीत उमटते. ज्या सेन्सरच्या आकड्यावर इंजिनात किती इंधन सोडायचे ते ठरते, त्याच्या कानाशी ही गडबड नसावी. उलट बाजूने पाहिले तरी, एका फाट्यावर तीन उपकरणे असतील आणि त्यांतल्या एकाची नळी निघाली, तर तिन्ही एकाच वेळी चुकतात आणि दोष शोधणे फार कठीण होते. बूस्ट गेजची नळी वाटून घेणे त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे, पण केबिनपर्यंत जाणारी ती लांब नळी व्हॉल्व्हची चाल मंदावते. या व्हॉल्व्हला स्वतःची, दुसऱ्या कोणाशी न वाटलेली नळी असावी. हा नियम पाळला तर निम्मे काम साधले.

मोकळे निपल मुळीच नसेल तर मॅनिफोल्डला भोक पाडून, आटे कापून नवे निपल बसवता येते. पण ते मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवूनच करावे. भोक पाडताना निघणारा धातूचा कीस आत राहिला तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो. ग्रीस लावलेल्या ड्रिलने कीस पकडता येतो असे सांगणारे भेटतात. तो जुगार आहे आणि मी तो कोणाला सुचवणार नाही. काही गाड्यांसाठी थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारी निपल असलेली पट्टी मिळते, ती चांगली सोय आहे.

वेस्टगेटच्या नळीशी गल्लत होते, म्हणून तेही सांगतो. वेस्टगेटच्या ॲक्चुएटरला दाब सहसा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी किंवा थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपमधून दिलेला असतो. ती नळी जशी आहे तशीच राहू द्यावी. ती निघाली तर वेस्टगेट उघडत नाही, बूस्ट मर्यादेबाहेर चढतो, आणि इंजिन फुटण्याची पाळी येते.

नळी कोणती घ्यावी

व्हॉल्व्हच्या निपलचा बाहेरचा व्यास मोजावा आणि त्यावर ताणून बसेल अशी, त्याहून किंचित कमी आतील व्यासाची नळी घ्यावी. बाजारात ४ आणि ६ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळ्या सहज मिळतात. निवड करता येत असेल तर ६ घ्यावी. जाड नळीत हवा जास्त मावते, मग ती मंद नाही का पडणार, असा प्रश्न योग्य आहे. ६० सेंटिमीटर लांबीत ४ मिलिमीटरच्या नळीत सुमारे साडेसात घन सेंटिमीटर हवा असते आणि ६ च्या नळीत सुमारे १७. म्हणजे सव्वादोन पट. पण संथ प्रवाहात नळीचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ६ चा अडथळा ४ च्या जवळपास एक पंचमांश भरतो. प्रत्यक्षात प्रवाह इतका संथ नसतो आणि हा हिशेब ढोबळच राहतो, तरी पारडे जाड नळीकडेच झुकते. मात्र एका टोकाला निपल ४ चे असेल तर अडथळा तिथेच राहतो आणि पुढे ६ ची नळी लावून विशेष काही साधत नाही.

भिंतीची जाडी व्यासाइतकीच महत्त्वाची आहे. पातळ भिंतीची नळी व्हॅक्यूमखाली चपटी होते, विशेषतः बोनेटखालच्या उष्णतेत, आणि बंद गाडीत तपासताना ती अगदी ठीक दिसते. नळी विकत घेताना ती बोटांत वाकवून पाहावी. पन्नास-साठ मिलिमीटरच्या वळणात ती मोडून दुमडत असेल तर ठेवून द्यावी. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी किंवा काचेवर पाणी मारणाऱ्या यंत्रणेची नळी या कामाला चालत नाही. ती गरम होताच मऊ पडून मिटते.

सिलिकॉनची नळी उष्णता चांगली सोसते आणि बराच काळ मऊ राहते, म्हणून ती लोकप्रिय आहे, आणि या कामाला योग्यही आहे. पण तेल आणि पेट्रोल तिला मानवत नाही. मॅनिफोल्डमधून तेलाचा ओलावा येत असेल तर आतून ती हळूहळू फुगते आणि निपलवर सैल होते. अशा जुन्या इंजिनावर इंधनासाठी बनवलेली, आत कापडाचा थर असलेली रबरी नळी अधिक टिकते. रंगावर जाऊ नये.

मार्ग आखणे

नळी कापण्याआधी दोरीचा एक तुकडा घेऊन मॅनिफोल्डच्या निपलपासून व्हॉल्व्हपर्यंत हव्या त्या मार्गाने न्यावा आणि मग मोजावा. शक्यतो हे अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवावे. ते साधत नसेल तर प्रश्न बहुधा व्हॉल्व्हच्या जागेचा असतो. व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीजवळच्या थंड, म्हणजे इंटरकूलरनंतरच्या, पाइपवर असेल तर नळी आपोआप आखूड होते, आणि गाडीसोबत आलेला व्हॉल्व्ह टर्बोजवळ असेल तर कारखान्याने आखलेला मार्गच वापरावा.

इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि जोर लावताना ते हलते; इंटरकूलर आणि त्याचे पाइप मात्र बऱ्याचदा बॉडीला बांधलेले असतात. नळीचे एक टोक हलणाऱ्या भागावर आणि दुसरे स्थिर भागावर असेल तर तीन-चार सेंटिमीटर ढील ठेवावी, नाहीतर काही दिवसांत ती निपलवरून आपणहून निघते. एवढीच ढील पुरे; जास्त ठेवली तर नळी लोंबते आणि खालच्या बाकात तेल व पाण्याचे थेंब साचतात. आखणी अशी असावी की साचलेला ओलावा मॅनिफोल्डकडे परत वाहून जाईल. थंड प्रदेशात हा बाक गोठून नळी बंद झाल्याची उदाहरणे आहेत.

टर्बोचे एक्झॉस्टकडचे अंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याखालचा पाइप यांच्यापासून किमान वीतभर अंतर राखावे. चांगली सिलिकॉन नळी साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, आणि जोरात चाललेल्या पेट्रोल टर्बोचे एक्झॉस्ट ८०० अंशांच्या पुढे जाते; स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, नुसती धगही पुरते. जवळून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर काचतंतूची उष्णतारोधक बाही चढवावी. पट्टे, पुली, रेडिएटरचा पंखा आणि बोनेटच्या कडा यांपासून दूर राहावे. वायरच्या जुडग्यासोबत नळी बांधताना केबल टाय आवळू नये. तिच्या भिंतीला खाच पडेल इतका घट्ट टाय म्हणजे आपणच घातलेला अडथळा होय.

काही गाड्यांत मूळ नळी मॅनिफोल्डपासून सरळ न जाता एका विद्युत झडपेतून आणि छोट्या व्हॅक्यूम टाकीतून जाते. ती झडप वेळप्रसंगी संगणकाच्या आज्ञेने व्हॉल्व्ह उघडते. ती वगळून नळी सरळ जोडली तरी व्हॉल्व्ह चालतो, पण झडपेचा प्लग काढून ठेवला तर इशाऱ्याचा दिवा लागतो. पहिल्याच कामात मूळ मांडणीला हात लावू नये. मूळ नळीत एखादी बारीक भोकाची सोंगटी बसवलेली सापडली तरी ती लगेच फेकू नये. नवा व्हॉल्व्ह आळशी वाटला तरच काढून पाहावी, आणि काढल्यास जपून ठेवावी.

जोडणी

इंजिन पूर्ण थंड असावे. जुनी नळी पकडीने खेचून काढू नये; मॅनिफोल्डची प्लॅस्टिकची निपले वयाने ठिसूळ होतात आणि तुटली तर छोटे काम फार मोठे होते. नळीला ब्लेडने लांबीच्या दिशेने हलकी चीर द्यावी आणि सोलून काढावी, मात्र निपलवर ओरखडा उमटू देऊ नये, कारण त्या ओरखड्यातूनच पुढे हवा गळते.

नवी नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापावी. कात्रीने टोक चपटे होते. निपल पुसून कोरडे करावे, टोकाला साबणाच्या पाण्याचा हात लावावा, आणि नळी फिरवत फिरवत किमान १५ मिलिमीटर आत ढकलावी. सिलिकॉनला तेल किंवा ग्रीस लावू नये. क्लिप निपलच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नव्हे. १ बार बूस्टला ६ मिलिमीटरच्या नळीला बाहेर ढकलणारा जोर जेमतेम ३०० ग्रॅम वजनाइतका असतो, आणि त्यामुळे क्लिपची गरज नाही असे कोणी म्हणेल. पण हा जोर तासन्‌तास, उष्णतेत, थरथरीत आणि तेलाच्या ओलाव्यासह लागतो. स्प्रिंगची क्लिप उत्तम, कारण नळी आकसली तरी ती सोबत आवळत जाते. पट्टीला खाचा असलेली स्क्रूची क्लिप मऊ सिलिकॉन कापते. तीच वापरायची असेल तर आतून गुळगुळीत पट्टी असलेली घ्यावी.

रिकाम्या राहिलेल्या जुन्या निपलांवर टोप्या घालून त्यांनाही क्लिपा लावाव्यात. साध्या रबराच्या टोप्या उष्णतेने तडकतात, आणि अशा तडकलेल्या टोपीचा दोष शोधण्यात लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

सोडलेली हवा कुठे जाते

नळीचा विषय यापासून वेगळा करता येत नाही. गाडीत फिल्टरजवळ हवा मोजणारा सेन्सर असेल, तर व्हॉल्व्हमधून बाहेर टाकलेली हवा आधीच मोजली गेलेली असते आणि तिच्या हिशेबाने इंधन सोडले जाते. हवा मात्र निघून गेलेली असते. मिश्रणात क्षणभर इंधन जास्त होते, काळा धूर येतो, कधी गाडी बंद पडते. अशा गाडीत व्हॉल्व्हचे बाहेरचे तोंड जाड नळीने सेन्सरच्या पुढे आणि टर्बोच्या अलीकडे परत जोडावे, सेन्सरपासून जितके लांब तितके बरे. ज्या गाडीत इंधन मॅनिफोल्डच्या दाबावरून ठरते तिच्यात हवा बाहेर सोडली तरी मिश्रण बिघडत नाही. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आयडलिंगला मात्र घट्ट मिटलेला हवा. उघडा राहिला तर तो न गाळलेली धुळकट हवा आत ओढतो. इथेच वहीतला आकडा कामी येतो: स्प्रिंग आयडलिंगच्या व्हॅक्यूमला जेमतेम बंद ठेवेल अशी निवडावी, त्याहून कडक नको.

तपासणी

पहिली तपासणी इंजिन बंद असताना करावी. नळी मॅनिफोल्डकडून काढून तिथे गेज असलेला हातपंप लावावा आणि हळूहळू व्हॅक्यूम करावा. आकडा मिनिटभर स्थिर राहिला तर नळी आणि डायफ्रॅम दोन्ही ठीक आहेत. पिस्टनच्या व्हॉल्व्हमध्ये थोडी गळती स्वाभाविक असते, तेव्हा तिथे आकडा सावकाश उतरला तर घाबरू नये. झडप कोणत्या आकड्याला हलू लागते तेही पाहून घ्यावे.

नंतर इंजिन चालू करून आयडलिंगचा व्हॅक्यूम पुन्हा मोजावा. तो आधीच्या नोंदीइतकाच असला पाहिजे. कमी झाला असेल तर आपल्याच एखाद्या जोडातून हवा शिरते आहे. गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास दिसते. तो फवारा पेट घेतो, आणि शेजारी तापलेला टर्बो असतो. धुराच्या यंत्राने शोधावे, किंवा इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडातून रेग्युलेटरने ०.३ ते ०.५ बार हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. याहून जास्त दाब देऊ नये, आणि क्रँककेसकडे जाणारी नळी आधी वेगळी करून बंद करावी. या चाचणीत थ्रॉटल मिटलेला असल्याने व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला दाब पोहोचत नाही. त्यामुळे मऊ स्प्रिंगची झडप थोड्या दाबालाही उघडेल आणि गळल्यासारखी वाटेल. तो दोष नव्हे. नवखी माणसे इथेच फसतात आणि चांगला व्हॉल्व्ह परत करायला निघतात.

रस्त्यावरची चाचणी मोकळ्या जागी करावी. पूर्ण बूस्टवरून पाय उचलला असता एकच स्वच्छ फुसकारा यावा. तिथेही फडफड येत असेल तर स्प्रिंग कडक आहे किंवा नळीत अडथळा आहे. आधी नळी पाहावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. अगदी कमी बूस्टवर हलकी फडफड आली तर ती बहुतेक वेळा सोसण्याजोगी असते, कारण तेवढ्या फरकाने स्प्रिंग पुरती हरत नाही. बूस्ट चढता चढता अडला आणि सुस्कारा ऐकू आला तर झडप भलत्या वेळी उघडते आहे: नळी निघालेली, फाटलेली किंवा एकदिशा झडपेपलीकडे जोडलेली असणार. अशा गाडीला तसेच पळवू नये, कारण गळती भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो. आयडलिंग वरखाली होत असेल तर हातपंप पुन्हा काढावा.

शंभरेक किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्रत्येक क्लिप हाताने हलवून पाहावी आणि नळीची दोन्ही टोके तपासावीत. नवी नळी पहिल्या काही उष्ण-थंड फेऱ्यांत निपलवर बसते आणि सुरुवातीची घट्ट क्लिप किंचित सैल होते. त्यानंतर इंजिन ऑइल बदलताना दर वेळी नळीची टोके बोटांनी दाबून पाहावीत. टोक कडक झाले असेल, फुगले असेल किंवा तिथे बारीक तडे दिसत असतील, तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवण्यापेक्षा पूर्ण नळीच बदलावी.